शिकण्याचं बिल कोणाच्या नावावर?

नौपाड्यात, पाचपाखाडीत, खाडी ओलांडून वाशी-नेरुळला, जिथे म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांचे आईवडील क्लास सुटायची वाट बघत उभे असतात, तिथे सध्या एक वाद हटकून रंगतो. मेडिकलला अर्ज करण्याआधीचा काळ मुलाने परदेशात शिकण्यात घालवावा की परदेशात सेवा करण्यात? एक पक्ष म्हणतो, लंडनला नाहीतर बोस्टनला उन्हाळी कोर्सला पाठवा, जमलं तर पदवीच तिकडे करू द्या, डोकं तरतरीत होईल. दुसरा म्हणतो, पुस्तकं काय, इथेही मिळतात. घाना, टांझानिया, निदान नेपाळच्या एखाद्या दवाखान्यात महिनाभर राबू द्या, माणूस घडेल. कडेला उभा असलेला तिसरा गट दोघांनाही हसतो आणि विचारतो, याचे नीटमध्ये किती मार्क?

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे 'मॅडम, तुम्हीच सांगा' म्हणून या वादात मला ओढलं जातंच. तर सांगून टाकते. परदेशी जायचंच असेल तर शिकायला जावं. सेवा करायची असेल तर ती इथे करावी, जिथली भाषा आपल्याला येते आणि जिथे चूक झाली तर आपल्याला गाठता येतं. आणि वैद्यकीय शिक्षणाचं एक पानही न उलटता परक्या देशातल्या रुग्णांना हात लावायला जाणं, याला सेवा म्हणायची माझी तयारी नाही. शिकायला गेलेली मुलगी आपल्या शिकण्याची किंमत स्वतः मोजते: फी भरते, नापास होते, रात्री जागते. 'सेवेला' गेलेल्या अननुभवी मुलाच्या शिकण्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं, आणि त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं आपल्याकडे म्हणतात ते याच व्यवहाराला.

वाद बिघडलाय तो असा की दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर भांडतायत: अर्जात काय उठून दिसेल? तेवढ्यापुरता हिशेब झटपट उरकू. भारतात एमबीबीएसला प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर, ७२० पैकी किती, एवढ्यावर. २०२५ साली बावीस लाखांवर मुलं या परीक्षेला बसली. त्यांच्यापैकी एकाच्याही गुणपत्रिकेत सेवेचा रकाना नव्हता. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. म्हणजे बारावीनंतर चार वर्षं आणि वर एमकॅट नावाची परीक्षा. तिथे आधी शिकू की आधी सेवा करू, हा प्रश्नच उरत नाही, आणि परदेशी नागरिकांना घेणारी कॉलेजं त्यातही मोजकीच. ब्रिटनमध्ये बारावीनंतर थेट अर्ज करता येतो, १५ ऑक्टोबरच्या आत. तिथली कॉलेजं माणसांची काळजी घेतल्याचा अनुभव जरूर विचारतात, पण तो वृद्धाश्रमातला चालतो, अपंग मुलांच्या शाळेतला चालतो. त्यातून तुला काय उमगलं, यावर त्यांचा भर असतो. विमानाचं तिकीट कोणी मागत नाही. उलट अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्येच सूचना काढल्या होत्या, की आपल्या देशात ज्याची परवानगी नाही ते परदेशात जाऊन रुग्णांवर करू नका. म्हणजे नुसता स्वार्थ पाहिला तरी दुसऱ्या पक्षाचं दुकान फारसं चालायला नको. पण ते चालतंय.

कसं चालतंय ते बघायचं असेल तर घोडबंदर रोडवरच्या एका बँक्वेट हॉलमध्ये भरलेल्या मेळाव्यातून विद्यार्थिनीने आणून दिलेलं हे माहितीपत्रक पाहा. गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर पांढरा कोट घातलेला, मिसरूड फुटलेला मुलगा. स्टेथोस्कोप एका आफ्रिकन बाळाच्या पोटावर टेकवलेला. पोटावर. आत कामांची यादी: रक्तदाब मोजणे, जखमांचं ड्रेसिंग, लसीकरणात साहाय्य, प्रसूती 'पाहणे व मदत करणे'. शनिवार-रविवार सफारी. किमान वय सोळा. आणि ठळक अक्षरांत, जणू ती सवलतच आहे अशा थाटात: पूर्वानुभवाची गरज नाही.

हे वाक्य उलटं फिरवून वाचा. तुमच्या सुनेच्या बाळंतपणात, ठाण्यातल्याच एखाद्या नर्सिंग होममध्ये, अकरावीतला जर्मन मुलगा 'मदत' करायला आला आणि सिस्टर म्हणाल्या, पूर्वानुभव नाही पण हौशी आहे हो, तर चालेल? तुम्ही दारातच अडवाल. कायदाही तुमच्या बाजूने उभा राहील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात, नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जे काम इथे केलं तर बोगस डॉक्टर म्हणून बातमी छापून येईल, ते विमानात बसून गेल्यावर समाजकार्य कसं होतं?

यावर मला मिळालेलं सर्वांत वजनदार उत्तर एका पालकांचं आहे. ते स्वतः भूलतज्ज्ञ. ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टर कोणावर तरी शिकतोच. मी पहिली सलाइन लावली तेव्हा चार वेळा शीर चुकली होती. तो हात एका हमालाचा होता. त्यानेही मला परवानगी दिली नव्हती." हे खोडून काढता येत नाही, आणि मला काढायचंही नाही. केईएम असो, सायन असो, जेजे असो, आपलं कळवा असो. वैद्यकीय शिक्षणाचा सगळा डोलारा सरकारी वॉर्डांतल्या गरिबांच्या सोशिकतेवर उभा आहे. खासगी खोलीतल्या रुग्णाच्या हातावर कोणी इंटर्न शीर शोधत बसत नाही. तेव्हा 'रुग्णाच्या जिवावर शिकणं वाईट' एवढंच म्हटलं तर सगळी वैद्यकी मोडीत काढावी लागेल.

पण त्या हमालाच्या हाताशी येईपर्यंत या गृहस्थांनी काय काय केलं होतं? शवविच्छेदनाच्या टेबलावर शिरा पाहिल्या होत्या. साडेचार वर्षं परीक्षा दिल्या होत्या. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, वर रजिस्ट्रार, त्याच्या वर युनिटचे प्रमुख. केसपेपरवर सही होती, आणि हात सुजला तर दुसऱ्या दिवशी राउंडला विचारणारं कोणी होतं. मुख्य म्हणजे ते पुढची तीस वर्षं याच गावात भूल देत राहिले. त्या हमालाचं ऋण त्याला नाही तर त्याच्यासारख्या दुसऱ्यांना फिटलं. हा व्यवहार न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, पण त्याला निदान दोन बाजू आहेत. पंधराव्या दिवशी परतीचं विमान पकडणाऱ्या मुलाच्या व्यवहाराला एकच बाजू असते. जखम चिघळली हे त्याला कळणारच नाही. आणि जे कळतच नाही त्यातून शिकणार काय?

याच मुद्द्यावर माझ्याच बाजूची वाटणारी एक गोष्ट माझ्यावर उलटू शकते, ती आधीच मांडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत जे काम केलं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवलं, त्याचा गाभाच हा होता की गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, वेळ आली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. मग सातवी-आठवी शिकलेल्या बाईने इंजेक्शन दिलेलं चालतं आणि ठाण्याच्या हुशार मुलीने साधं ड्रेसिंग केलेलं का खटकतं? खटकतं, कारण प्रश्न शिक्षणाच्या इयत्तेचा नाहीच. त्या बायकांना नेमक्या त्याच कामाचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यांच्यावर सतत देखरेख होती, आणि ज्या बाळाला त्या सुई टोचत त्याची आई त्यांना उद्या पाणवठ्यावर भेटणार होती. बाळ दगावलं तर त्या बाईला त्याच गावात, त्याच दारावरून रोज जायचं होतं. ही जबाबदारी कुठल्याही पॅकेजमध्ये विकत मिळत नाही.

"मग कोटणीसांचं काय?" हाही प्रश्न ठरलेलाच. मराठी माणसाने परदेशात केलेल्या वैद्यकीय सेवेचं नाव काढलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच, आणि आठवावेतच. पण त्यांचं चरित्र नीट वाचलं तर ते माहितीपत्रकवाल्यांच्या विरोधात साक्ष देतं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. पाचही जण डॉक्टर होते, हे पुन्हा वाचा. युद्ध चालू होतं आणि शल्यचिकित्सक हवे आहेत अशी मागणी चीनकडून आली होती. कोणाला आपलं आयुष्य समृद्ध करायचं होतं म्हणून ते पथक निघालं नव्हतं. पथकातले बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. आधी विद्या, मग मागणी, मग भाषा, मग मुक्काम. आपल्या मुलाच्या दोन आठवड्यांच्या सहलीत यातलं एक तरी आहे का? नसेल तर कोटणीसांना या वादात ओढू नये.

आपण एकेकाळी घेणाऱ्याच्या बाजूलाही होतो, हे आपण सोयीने विसरतो. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आला. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं, पुढे तिथे वैद्यकीय शाळा निघाली, आणि तो परत गेला तो १९२८ मध्ये. मिशनऱ्यांच्या हेतूंवर हवा तेवढा वाद घाला. मलाही त्यात बरंच बोलायचं असतं. पण त्या काळी मिरजेच्या माणसाला दोन आठवड्यांसाठी आलेला, मोतीबिंदू म्हणजे काय हे त्याच्याच डोळ्यावर शिकणारा कॅनेडियन पोरगा भेटला असता, तर आज तिथे कोणाचं नाव उरलं असतं? दक्षिण महाराष्ट्रात तीन पिढ्यांनी 'मिरजेला न्या' असं म्हटलं, ते तिथे राहिलेल्या माणसाच्या भरवशावर.

उलट उदाहरणही ताजं आहे. युगांडात जिंजा या शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. तिच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. केंद्रातली शंभरावर मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन आया कोर्टात गेल्या, आणि पुढच्या वर्षी दोष मान्य न करता तडजोड झाली. ती मुलं आधीच अत्यवस्थ होती, मोठ्या रुग्णालयातही सगळी वाचली असती असं नाही, हा बचावही रास्त आहे. पण असाच प्रकार एखाद्या युगांडाच्या तरुणीने अमेरिकेत केला असता तर तडजोडीपर्यंत गोष्ट गेली असती?

आता दुसऱ्या पक्षाचं जे मला मनापासून पटतं ते. प्रवासाने माणूस हलतो. ठाण्याच्या उंच टॉवरमध्ये वाढलेली, लिफ्टने पार्किंगमध्ये आणि पार्किंगमधून थेट शाळेच्या फाटकात उतरलेली मुलं मी रोज पाहते. आपण कोणीतरी परके आहोत, आपला उच्चार हास्यास्पद आहे, आपल्याला इथे कोणी विचारत नाही, हा अनुभव त्यांना अठराव्या वर्षी मिळाला तर उत्तमच. पण तो परकेपणा शिकायला गेलेल्यालाही मिळतो, आणि जास्त कडक मिळतो. सेवेला गेलेला तिथे दाता म्हणून उतरतो. त्याचं सगळे हसून स्वागत करतात, कारण त्याने पैसे भरलेले असतात. विद्यार्थी म्हणून गेलेल्याचा निबंध लाल शाईने भरून परत येतो.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण इथे दोन्ही पक्ष वापरतात, म्हणून जरा थांबते. त्या आपल्याच कल्याणच्या. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहाव्या दिवशी गेलं. १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या असताना, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी सेरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जात आहोत हे सांगितलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि ते शिक्षण इथे आपल्याला नीट मिळत नाही, हा त्यातला मुख्य भाग. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एमडी झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात गेल्या. त्यांच्या मनात सेवा होती, अगदी शंभर टक्के. पण सेवा कुठे करायची आणि शिकायचं कुठे, यात त्यांनी गल्लत केली नाही. फिलाडेल्फियाच्या गरिबांना आपली गरज आहे असं त्या म्हणत नव्हत्या. बंग दांपत्यही जॉन्स हॉपकिन्सला गेलं ते एमडी झाल्यावर, सार्वजनिक आरोग्य शिकायला, आणि परतून १९८६ मध्ये गडचिरोलीत बसलं. आणायला जावं, हा त्या प्रवासांचा अर्थ.

याचा अर्थ शिकायला परदेशी जाणं पवित्र आहे असं नाही. त्या बाजारातही लबाड्या कमी नाहीत. उन्हाळी कोर्सच्या नावाखाली तीन आठवडे वसतिगृह, दोन व्याख्यानं आणि कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट देणारे आहेत. बारावीनंतर थेट परदेशी एमबीबीएस, असं सांगणारे एजंट तर ठाणे स्टेशनबाहेरच्या फलकांवरच भेटतात. नीट परीक्षेत पात्र ठरल्याशिवाय तिकडची पदवी इथे उपयोगाची नाही, हे ते पुटपुटतात. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवा. परत आल्यावर परीक्षा वेगळीच, पास व्हायला ३०० पैकी १५० गुण लागणारी, आणि तिच्यात नापास होणाऱ्यांचीच संख्या दर वेळी मोठी असते. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या हजारो मुलांची ससेहोलपट आपण पाहिली. पण हा सगळा तोटा कोणाचा? मुलाचा आणि आईबापांच्या खिशाचा. वाईट आहे, पण त्यात कोणा तिसऱ्याचं बाळ नाही.

आणि आता तो आक्षेप, ज्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. "मॅडम, इथे सेवा करा म्हणता, पण इथे दार उघडतं कोण?" डॉक्टरांची मुलं काकांच्या ओपीडीत खुर्ची टाकून बसतात. बाकीच्यांना सरकारी रुग्णालयात वॉचमन विचारतो, पेशंट कोण? आणि पेशंट नसेल तर बाहेर. आपल्याकडे मुलांनी डॉक्टरांसोबत राहून काम पाहण्याची कसलीही रीतसर व्यवस्था नाही. परदेशी संस्था निदान फॉर्म देते, वेळापत्रक देते, कोणीतरी न्यायला विमानतळावर येतं. हे खरं आहे, आणि ज्या मुलाच्या घरात कोणी डॉक्टर नाही त्याच्यावर हा अन्याय आहे.

पण दार बंद आहे ते उपचारांच्या खोलीचं. तिथे अठरा वर्षांच्या मुलाचं काम नाहीच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा सगळं ठाणं हादरलं. तिथे कमी होते ते डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे हात, उत्साही पोरांचे नव्हेत. पोरांना करण्यासारखं काम त्या खोलीच्या बाहेर पडलेलं असतं, आणि त्याला भाषा लागते. केसपेपरच्या खिडकीसमोर सकाळी आठला उभं राहून पाहा. वाड्याहून किंवा मुरबाडहून आलेली म्हातारी, हातात जुना केसपेपर, त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय तिला माहीत नाही, एक्स-रेची खोली कोणत्या मजल्यावर ते विचारायची भीती. तिला वाचून दाखवणं, रांगेत उभं राहणं, गोळी जेवणाआधी की नंतर हे डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा सांगणं, हे घानात ठाण्याच्या मुलाला करताच येणार नाही. तिथे तो मुका असतो. मुक्या माणसाच्या हातात म्हणूनच स्टेथोस्कोप देतात.

भाषेने काय फरक पडतो ते मी शहापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत पाहिलंय. आसनगावला लोकलमधून उतरून जीपने गेलं की पोचता येतं. आशाताई एका कातकरी बाळाचा दंडघेर मोजत होत्या. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. बाळ किंचाळत होतं, पट्टी लालमध्ये. मोजायला अर्धा मिनिट लागला, आणि ते कोणालाही शिकवता येईल. पुढची वीस मिनिटं ताई बाळाच्या आईशी जमिनीवर बसून बोलत राहिल्या. त्यातून निघालं ते हे, की दिवाळीनंतर सगळं घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणार आहे, म्हणजे इथे सुरू केलेला आहार आणि औषध तिथे तुटणार. ताईंनी लगेच भट्टीचा मालक कोण, गाव कोणतं हे विचारून वहीत लिहिलं. माझ्यासोबतच्या मुलींना त्या बोलण्यातलं निम्मंच कळलं, कारण बोली वेगळी. तरी निम्मं कळलं. आजार पट्टीत नव्हता, भट्टीत होता, हे कळायला जे कान लागतात ते टांझानियात उतरून पंधरा दिवसांत फुटत नाहीत.

हे सांगितलं की नीटवाला तिसरा गट घड्याळ बघतो. त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे: परीक्षा एकच, स्पर्धा अफाट, आणि बारावीच्या वर्षात दर रविवारी शहापूर शक्य नाही. मान्य. अकरावीच्या सुट्टीत करा, परीक्षा झाल्यावर निकालापर्यंतच्या आठवड्यांत करा, ड्रॉप घेतलेल्या वर्षात आठवड्याची एक सकाळ काढा. पण 'मार्क नाहीत म्हणजे उपयोग नाही' हे त्यांचं तर्कशास्त्र आणि 'अर्जात दिसतं म्हणजे उपयोग आहे' हे माहितीपत्रकवाल्यांचं, यात मला तरी फरक दिसत नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने सामाजिक भान असलेला डॉक्टर घडवायचा म्हणून वैद्यकीय शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे ठेवा असं सुचवलं. अलीकडे एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, असा कार्यक्रम अभ्यासक्रमात आला. इतक्या वर्षांत कागद बदलले. गावाकडे जाणं म्हणजे शिक्षा, हा घराघरातला समज मात्र तसाच आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष ग्रामीण सेवेचा बाँड असतो, आणि दहा लाख भरून त्यातून सुटका करून घेण्याची वाट आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. पैसे भरून घानाला जायचं आणि मोखाड्याला जायला नको म्हणून पैसे भरायचे: एकाच घरात, एकाच मुलाच्या बाबतीत, दहा वर्षांच्या आत या दोन्ही गोष्टी घडू शकतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

तेव्हा पालकांशी वाद घालून झाल्यावर माझी खरी मागणी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे आहे. दोन्हींची रुग्णालयं आहेत, दोन्हींच्या हद्दीत ज्युनियर कॉलेजं आहेत. बाह्यरुग्ण विभागात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक मदत कक्ष सुरू करायला नवी इमारत लागत नाही; एक टेबल, ओळखपत्र, आणि लक्ष ठेवायला एखादी निवृत्त सिस्टर लागते. नाव नोंदवताना मुलाचे काका डॉक्टर आहेत का हे विचारायचं नाही. सुईला आणि जखमेला हात लावायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. आणि सहा महिने दर आठवड्याला आल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचं नाही. एवढी एक अट पाळली तरी निम्मी गर्दी पहिल्याच महिन्यात कमी होईल, आणि जी मुलं उरतील त्यांना हवं तर लंडनला शिकायला पाठवा.